शेऱ्याचा रकाना

सोमवारी सकाळी सव्वादहाला पहिला फोन आला, तेव्हा सोनल मगदूम ऑफिसच्या जिन्यातच होती. फोन फुलेवाडीच्या उदयसिंह इंगवल्यांचा होता.

"म्याडम, मी तुमच्या बाईला घरात घेतलं. गावाला न्हाय घेतलं," एवढंच ते म्हणाले आणि फोन ठेवला.

सोनल 'उबारा' नावाच्या संस्थेत होती. म्हातारी माणसं, अंथरुणाला खिळलेली माणसं, यांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालणं, खाऊ घालणं, औषधं देणं हे संस्थेचं काम. अकरा सेविका होत्या आणि कोल्हापूरच्या राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस. सेविकांच्या फेऱ्या ठरवणं हे सोनलचं मूळ काम. तक्रारींचं काम चार वर्षांपूर्वी तिच्याकडं आलं, कारण ते दुसऱ्या कुणालाच नको होतं. सेविका उशिरा आली, पाणी गारच वापरलं, चहाचा कप फोडला, अशा तक्रारी असायच्या. सोनल पत्रानं उत्तर पाठवायची नाही. स्वतः जायची, उंबऱ्यात चप्पल काढायची आणि म्हणायची, "सांगा, काय झालं?" सेहेचाळीस वर्षांची, बुटकी, चालताना कायम बस सुटतेय असं वाटायला लावणारी बाई. फोनवर बोलताना तिला बसवत नसे. ऑफिसातल्या फरशीवर खिडकीपासून कपाटापर्यंत तिच्या फेऱ्या चालायच्या.

तिनं जिन्यातूनच इंगवल्यांना परत फोन लावला. तिसऱ्या वेळी त्यांनी उचलला.

"इंगवलेसाहेब, काय झालंय ते मला खरंच माहीत न्हाई. सांगा तरी."

"माझ्या बायकोचं नाव, पत्ता, आजार सगळं मोबाईलवर फिरतंय. 'बाई घर सोडून जातात, बाहेरून कडी लावावी.' हे तुमच्याच कागदावर हाय न्हवं? सकाळी दूध आणाय गेलतो. शेजारचा विचारतोय, वहिनीस्नी कोंडून घालताय व्हय? पस्तीस वर्षं त्या गल्लीत मान वर करून चाललोय मी."

"मला तो फोटो पाठवाल?"

"तुमालाच तुमचा कागद पाठवू?" ते म्हणाले. पण पाठवला.

फोटो उघडला आणि सोनल जिन्याच्या पायरीवर बसली. फुलेवाडी भागातल्या तेवीस लोकांची यादी होती. छापील. नाव, पत्ता, फोन, आजार आणि शेवटी शेरा. तो शेवटचा रकाना तीन वर्षांपूर्वी सोनलनंच घातला होता. एका नव्या सेविकेनं मधुमेहाच्या म्हाताऱ्याला दोन चमचे साखर घालून चहा दिला, त्यानंतर. सेविका बदलली तरी माहिती बदलू नये, असं तिनं बैठकीत सांगितलं होतं आणि सगळ्यांनी वाहवा केली होती. मग त्या रकान्यात हळूहळू काय काय जमत गेलं. कोण रात्री ओरडतं, कोणाला लघवी कळत नाही, कोणाचं घरात कुणाशी पटत नाही.

चौदाव्या ओळीत होतं: धोंडुबाई माने. एकट्या. उठता येत नाही. चावी मीटरच्या पेटीत.

एकोणिसाव्या ओळीत शेरा छापलेला नव्हता. निळ्या पेनानं लिहिलेलं होतं: मुलगा हात उगारतो. लक्ष ठेवावं. त्याला कळू देऊ नये.

एकोणीस म्हणजे बनाबाई पोवार. अक्षर सोनलचं होतं.

ती उठली, जिना उतरली आणि समोर दिसली ती रिक्षा पकडली. "फुलेवाडी. जरा हाणा," ती म्हणाली.

रिक्षातून तिनं सुरेखाला फोन लावला. त्या भागातली सेविका तीच. सुरेखाला भाचीच्या लग्नाला जायचं होतं, म्हणून तिनं रविवारी दुपारी बदली सेविकेसाठी यादीचा फोटो काढला आणि 'फुलेवाडी सेविका' या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. निदान तिला तसं वाटलं. तो गेला 'फुलेवाडी परिवार' नावाच्या ग्रुपवर. त्यात चारशेच्या वर माणसं. पाऊण तासानं कुणीतरी 'हे काय हाय?' असं विचारलं, तेव्हा तिला कळलं आणि तिनं तो पुसला.

"माझं बोट चुकलं ओ ताई," सुरेखा हुंदके देत म्हणाली. "पुसलाय मी. सगळ्यांचाच पुसला."

"कालच का न्हाई सांगितलंस मला?"

"भ्यालो."

सोनलला तिच्यावर ओरडायचं होतं. ओरडता आलं नाही. निळी शाई डोळ्यांपुढून जात नव्हती.

तेवढ्यात अध्यक्षांचा फोन आला. बाबासो नेजदार. साठीतले, मनानं वाईट नव्हेत, पण संस्थेच्या नावाला धक्का लागला की त्यांचा आवाज बारीक व्हायचा.

"सोनलताई, मला कळलंय. डिलीट झालंय न्हवं? मग झालं. तक्रार एकाची आल्या, त्या एकाला चांगलं उत्तर द्या. बाकीच्या बावीस घरांत जाऊन सांगत बसू नका."

"सर, ज्यांना माहीतच न्हाई ते तक्रार करणार कशी?"

"तेच म्हणतोय की मी. कशाला माहीत करायचं? वकिलास्नी विचारलं मी. लोकांची माहिती जपायच्या त्या नव्या कायद्यातली ती कलमं अजून लागू व्हायची हायत."

"धोंडुबाईंच्या घराची चावी कुठं असते ते चारशे लोकांना कळलंय सर. ते कलम लागू झालंय." तिनं फोन ठेवला. अध्यक्षांशी ती अशी कधी बोलली नव्हती.

धोंडुबाईंचं घर वाटेतच होतं. मीटरच्या पेटीत चावी जागच्या जागी होती. सोनल आत गेली. एक्याऐंशी वर्षांच्या धोंडुबाई कॉटवर बसून शेंगा फोडत होत्या. सोनलनं त्यांना सगळं सांगितलं. भीती वाटू नये म्हणून हळू सांगितलं. पण असल्या गोष्टीला हळू सांगण्यानं काय होतं?

"म्हंजे चोर येणार हाय व्हय?" धोंडुबाईंनी विचारलं.

"तसं न्हाई. पण चावीची जागा बदलूया. कुणाकडं ठेवू सांगा. तुम्ही म्हणाल त्यांच्याकडं."

बराच विचार करून त्यांनी पलीकडच्या शिंपीणबाईचं नाव घेतलं. सोनल चावी देऊन परत आली, तर धोंडुबाई दाराकडं बघत बसल्या होत्या. शेंगांचं ताट बाजूला सारलेलं. "आजपातूर कधी भ्या वाटलं न्हवतं मला," त्या म्हणाल्या. सोनलला तिथं थांबायचं होतं. पण एकोणिसावा नंबर राहिला होता.

बनाबाईंचा मुलगा जोतीराम फौंड्रीत कामाला होता. त्या आठवड्यात त्याची दुसरी पाळी होती, म्हणजे दुपारपर्यंत तो घरीच. सोनल पोचली तेव्हा तो बनियनवर दारात उभा होता. हातात मोबाईल.

"या की पावणं. तुमचीच वाट बघतोय," तो म्हणाला.

बनाबाई आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. सोनलनं आधी त्यांच्याकडं बघितलं. हात, चेहरा, मान. काही दिसलं नाही. पण न दिसण्याचा अर्थ सोनलला आता लावता येत नव्हता.

"मी हात उगारतो?" जोतीरामनं मोबाईल तिच्यापुढं धरला. "सकाळपास्नं तिघांनी पाठवलं मला हे. फौंड्रीतल्या माणसानं पाठवलं. कुणी लिवलं?"

"मी."

त्याला हे अपेक्षित नव्हतं. त्यानं मोबाईल खाली घेतला. मग म्हणाला, "आईनं सांगिटलं?"

हुपरीपासून कोल्हापूरपर्यंत रोज बसनं येताना सोनल लोकांच्या तक्रारी मनात घोळवायची आणि कुणाला काय उत्तर द्यायचं ते ठरवायची. या प्रश्नाचं उत्तर तिनं कधी ठरवलेलं नव्हतं. हो म्हटलं तर ती गेल्यावर या घरात काय होईल? नाही म्हटलं तर ते खोटं, आणि खोटं त्याला कळणार.

"कुणी काय सांगितलं ते मी तुम्हालाच काय, कुणालाच सांगणार न्हाई," ती म्हणाली. "लिहिलं मी. अक्षर माझं हाय. चूक माझी. राग काढायचा असेल तर माझ्यावर काढा. तक्रार लिहून द्या, मी पोच देते."

"मी कायबी सांगिटलं न्हाय," भिंतीकडून बनाबाईंचा आवाज आला. "त्या बाईला कोण इचारतंय? मनानंच लिवत्यात ही लोकं."

गेल्या मार्गशीर्षात याच खोलीत बनाबाईंनी सोनलचं मनगट धरून सांगितलं होतं. सुरेखा चहा फार गोड करते, अशी तक्रार करायच्या निमित्तानं बोलावून घेतलं होतं आणि जोतीराम पाळीला गेल्यावर खरं काय ते सांगितलं होतं.

"ऐकलंसा?" जोतीराम म्हणाला. "आता निघा. आणि तुमची बाई परत न्हाय पाठवायची."

सोनल उंबऱ्यात उभी राहिली. जायचं की नाही? तिनं शेजारच्या घराकडं बघितलं. तिथली बाई कपडे वाळत घालता घालता हळू झाली होती. "ताई, जरा पाणी देता?" सोनल मोठ्यानं म्हणाली आणि तिच्या ओट्यावर जाऊन बसली. जोतीराम पाळीला निघेपर्यंत, म्हणजे पावणेतीन वाजेपर्यंत, ती तिथून हलली नाही. बसली म्हणायचं, पण दर पाच मिनिटांनी उठत होती. त्या बाईनं काही विचारलं नाही. तिनंही तो फोटो बघितला असणार.

जोतीरामची मोटरसायकल वळणाआड गेल्यावर सोनल परत आत गेली.

"मावशी, लेकीला फोन लावू का? चार दिवस जाता का तिकडं?"

बनाबाईंनी वर बघितलं. "तुला इस्वासानं सांगिटलं मी. तू कागदावर घातलंस."

"व्हय मावशी."

"मला इचारलं न्हाईस. लिवू का म्हणून."

"न्हाई विचारलं."

"इचारलं असतंस तर नको म्हणलो असतो मी."

सोनल मोबाईल हातात धरून बसली. शेवटी बनाबाई म्हणाल्या, "लाव फोन." संध्याकाळच्या आत कोडोलीहून त्यांची मुलगी संयोगिता आणि जावई गाडी घेऊन आले. बनाबाई एक पिशवी घेऊन गाडीत बसल्या. सोनलकडं त्यांनी बघितलं नाही.

त्या संध्याकाळी हुपरीच्या घरात सोनलचा नवरा अनेकांत पैंजणाच्या साखळ्या जोडत बसला होता. घरातच त्याचं काम चालायचं. ती स्वयंपाकघरातून ओसरीत, ओसरीतून अंगणात फिरत होती.

"बस जरा. कुणाचं काय झालं?" त्यानं विचारलं.

"नाव न्हाई सांगता यायचं."

"मग नाव सोडून सांग."

तिनं सांगितलं. तो हातातलं काम न थांबवता ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तू त्या म्हातारीच्या काळजीनंच लिहिलंस की."

"व्हय. आणि काळजीनंच तिला घर सोडायला लावलं," सोनल म्हणाली आणि परत अंगणात गेली.

पुढच्या तीन दिवसांत ती उरलेल्या सगळ्या घरी गेली. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य: तुमची माहिती आमच्या हातून बाहेर गेली, त्यात हे हे होतं, मी माफी मागते, तक्रार करायची असेल तर आत्ता लिहून घेते. एका म्हाताऱ्यानं हसून तिलाच चहा पाजला. "माझा मधुमेह अख्ख्या पेठेला ठावं हाय. ही यादी छापून वाटली असती तरी चाललं असतं." एका घरातल्या सुनेनं दार अर्धंच उघडलं. सासऱ्यांना लघवी कळत नाही हे तिच्या माहेरपर्यंत पोचलं होतं. "आता काय उपेग?" म्हणून तिनं दार लावलं. एका बाईनं संस्थेची सेवाच बंद केली. दोघांनी लेखी तक्रार दिली. सोनलनं दोन्ही वेळा स्वतःच्या हातानं पोच लिहून दिली.

शुक्रवारी कार्यकारिणीची बैठक होती. अध्यक्षांच्या पुढ्यात एक ठराव तयार होता: सुरेखाला कामावरून कमी करावं.

सोनलनं आपला अहवाल वाचला. उभ्यानंच. सुरेखाचं बोट चुकलं हे त्यात होतं. त्याखाली लिहिलं होतं की, एका बोटाच्या चुकीनं तेवीस घरं उघडी पडली, कारण तो कागद तसा बनवलेला होता. तो मी बनवला. नाव, पत्ता आणि वेळ एवढ्यावर सुरेखाचं काम झालं असतं. बाकीचं मी तिच्या हातात दिलं. एकोणिसाव्या ओळीतला मजकूर मी विचारल्याशिवाय लिहिला. शेवटचं वाक्य होतं: ज्या तक्रारीत माझी चूक आहे, तिची चौकशी मी करणं बरोबर नाही, ती दुसऱ्या कुणीतरी करावी.

"हे एवढं लिवायची काय गरज हुती?" नेजदार हळू म्हणाले. "कुणी विचारलंय तुम्हाला? त्या सुरेखाचं नाव पुढं आलं असतं आणि विषय मिटला असता."

"कुणाचा मिटला असता सर?"

मग कार्यकारिणीतल्या पूर्णिमा शिंदे बोलल्या. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं परिचारिका म्हणून काम केलेली बाई. "चौकशी मी करते," त्या म्हणाल्या. "सोनल, तुला सोपं जाणार नाही. मी सगळं विचारणार."

"विचारा."

त्यांनी खरंच सगळं विचारलं. दोन आठवडे लागले. सुरेखाला लेखी समज मिळाली, नोकरी राहिली. सोनललाही तशीच समज मिळाली आणि तक्रारींचं काम तिच्याकडून काढून पूर्णिमाबाईंकडं गेलं. ज्यांची माहिती बाहेर गेली होती, त्या सगळ्यांना अध्यक्षांच्या सहीचं पत्र गेलं. जुन्या याद्या सेविकांकडून गोळा करून फाडल्या. मोबाईलमधले फोटो समोर बसून पुसले. नव्या यादीत शेऱ्याचा रकाना नाही. काही सांगायचंच असेल तर ते त्या माणसाला विचारून, तोंडी, ज्या सेविकेला हवं तिलाच.

उदयसिंह इंगवले ते पत्र घेऊन ऑफिसात आले. पांढरी मिशी, कडक इस्त्री. पत्र त्यांनी टेबलावर ठेवलं.

"माफी वाचली. आता मला सांगा, तो फोटो कुणाकुणाच्या मोबाईलात हाय?"

"न्हाई सांगता येणार साहेब," सोनल म्हणाली. "ग्रुपवरनं पुसला गेला. पण कुणी आधीच पुढं पाठवला असेल, तर तो परत आणायची वाट माझ्याकडं न्हाई. आणू शकते असं खोटं सांगणार न्हाई."

त्यांनी पत्राची घडी घातली. "बाई बंद केली तवापास्नं मीच बायकोला भरवायचा प्रयत्न करतोय," ते म्हणाले. "मला ती वळखत न्हाय. पण तुमची ती सुरेखा आली की तोंड उघडती. बाई पाठवा." दारापर्यंत गेले आणि वळले. "कागद नको."

नव्या पद्धतीला महिनाही झाला नव्हता, तोवर एका बदली सेविकेनं मधुमेहाच्या त्याच हसऱ्या म्हाताऱ्याला साखरेचा चहा दिला. तिला सांगायचं राहून गेलं होतं. त्याला काही झालं नाही. पण सोनलला ते कळलं, तेव्हापासून ती रोज सकाळी प्रत्येक सेविकेला फोन करते. अकरा फोन. खिडकीपासून कपाटापर्यंत.

बनाबाई कोडोलीत अडीच महिने राहिल्या. सोनल दोनदा जाऊन आली. पहिल्या वेळी त्या म्हशीला वैरण टाकायला गोठ्यात गेल्या आणि सोनलची परतीची बस सुटायची वेळ होईपर्यंत बाहेर आल्याच नाहीत. दुसऱ्या वेळी जवळ बसल्या. गुडघ्याबद्दल बोलल्या, नातवाच्या शाळेबद्दल बोलल्या. जोतीराम दर रविवारी येऊन जातो, गप्प बसून असतो, असंही म्हणाल्या.

"मी जातो परत घरी. पुढच्या आठवड्यात," त्या म्हणाल्या.

संयोगिता चहाचा कप ठेवता ठेवता थांबली. "आई, मी नको म्हटलंय."

"माझं घर हाय ते. लेकीच्या दारात मरू व्हय?"

"मावशी," सोनल म्हणाली, "तो आता..." आणि पुढचं वाक्य तिला पुरं करता येईना. काय विचारायचं होतं? उगारत नाही का? आणि बनाबाईंनी सांगितलं, तर ते ऐकून ती काय करणार होती?

बनाबाईंनी तिच्या मांडीवरच्या कागदांच्या पिशवीकडं बघितलं. "काय झालं तर शेजारणीला हाक मारीन," त्या म्हणाल्या. "तुला सांगणार न्हाय."

त्या परत फुलेवाडीत आल्या. सुरेखाला जोतीराम आत येऊ देत नाही. सोनलनं शेजारच्या त्या बाईला आपला नंबर दिला आणि बनाबाईंना समोर उभं करून विचारलं, "हिला माझा नंबर दिलाय. चालेल न्हवं?" बनाबाई मान हलवून आत गेल्या. होकार होता की नकार, ते सोनलला नीट कळलं नाही. तिनं शेजारणीकडं बघितलं. तिलाही कळलं नव्हतं.

आता आठवड्यातून एकदा सोनल त्या गल्लीतून जाते. थांबत नाही. चालण्याचा वेग थोडा कमी करते, ओट्यावर कुणी बसलंय का बघते, आणि बसची वेळ झालेली असते म्हणून निघते.